घरी कपडे कोण धूत होतं

बालाघाट,
९ फेब्रुवारी २००४

चि. राजू यास,
ताईचे आशीर्वाद. श्रिया आणि तुमची खुशी मजेत असतील. खुशीची बारावीची परीक्षा तोंडावर आली. तिला म्हणावं, जेवण टाळून अभ्यास करू नको. तुला तीच खोड होती.

इकडे थंडी अजून हटलेली नाही. सकाळी वैनगंगेच्या पुलावर समोरून येणारा माणूस दिसत नाही, असं धुकं असतं. किरनापूरच्या वावरातलं धान निघालं. संकेत भिलाईहून दोन दिवसांची सुट्टी काढून आला आणि मळणी करवून गेला. चिन्नोरचे तांदूळ तुझ्यासाठी वेगळे ठेवले आहेत, मुंबईला जाणारं कोणी भेटलं की पाठवते. मी डिसेंबरपासून शाळेतून रजा घेतली आहे. थंडीचा खोकला आहे, बाकी विशेष नाही. शेजारची पोरं घरी येऊन पाढे म्हणून दाखवतात. वेळ जातो.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू दोन मिनिटांत 'बरं ताई, ठेवतो' म्हणतोस, आणि मलाही तोंडानं विचारायचा धीर झाला नसता.

सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी नागपूरहून एक मुलगी आली. देवश्री तिचं नाव. छातीची डॉक्टर आहे, वय तिशीच्या आसपास. हे शेवटी नागपूरच्या ज्या इस्पितळात होते, तिथल्या जुन्या कागदांत तिला ह्यांचं नाव सापडलं. फुप्फुसावर जे पातळ अस्तर असतं, त्याच्या कॅन्सरवर तिचा अभ्यास चालला आहे. मेसोथेलिओमा म्हणतात त्याला. मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं. ह्यांना जाऊन साडेतीन वर्षं झाली, पण त्या दुखण्याचं नाव मला आत्ता कळलं. तू तेव्हा म्हणाला होतास, "छातीचा कॅन्सर आहे ताई. कशानं झाला ते कोणालाच सांगता येणार नाही." ती मुलगी म्हणाली, ह्या एका कॅन्सरचं कारण सांगता येतं, आणि बहुतेक वेळा ते एकच असतं. अ‍ॅस्बेस्टॉस.

म्हणजे ह्यांची रुई. आमच्या पत्र्याच्या फॅक्टरीत सगळे तिला रुईच म्हणत. सिमेंटचे पत्रे मजबूत व्हावे म्हणून त्यांत घालायची ती. पोतं फोडलं की पांढरं-राखाडी काहीतरी भुरभुरायचं. हे संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. संकेत लहानपणी म्हणायचा, बाबा म्हातारे होऊन आले. देवश्री म्हणाली, त्या धाग्याचा तुकडा केसाहून कितीतरी बारीक असतो, श्वासाबरोबर आत जातो, शरीराला तो विरघळवता येत नाही, आणि तीस-तीस वर्षं तो तिथेच बसून राहतो. मग एक दिवस अस्तरात पाणी भरतं. ह्यांचं तसंच झालं होतं. आठ महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, लघवी लाल व्हायची, आणि पाणी काही थांबत नव्हतं.

तिच्या पिशवीत इंग्रजीतले छापील लेख होते. त्यांतल्या एकावर तुझं नाव होतं. मी तिला अभिमानानं म्हटलं, "हा माझा धाकटा भाऊ." तिला ते माहीत नव्हतं. लेख उलटा ठेवायला लागली, पण मी तो हातात घेतला. बाहेरदेशी छापलेला, १९९२ सालचा.

राजू, त्यात एका छातीचा फोटो आहे. डाव्या बाजूचं गळपट्टीचं हाड मधेच जुळून वर उचललेलं. आणि छातीच्या मधोमध एक पांढरा चौकोन, एका कोपऱ्यात दुमडलेला.

तुला आठवत असेल, नव्वद साली तू फॅक्टरीत तपासणीचा कॅम्प घेतलास, तेव्हा मशीनवाल्यानं सगळ्यांना गळ्यातलं काढायला लावलं होतं. ह्यांनी रामपायलीच्या जत्रेतला ताईत काढला नाही. तू हसून म्हणालास, "राहू द्या, भाऊजीच्या फोटोत रामजी येऊ द्या." आणि सायकलवरून पडून मोडलेलं ते हाड कसं जुळलं होतं, ते मला डोळे मिटूनही माहीत आहे.

देवश्रीनं फोटोखालचा मजकूर मला मराठीत सांगितला. पोती फोडणारा कामगार, वय पंचेचाळीस, बावीस वर्षं नोकरी, तक्रार काही नाही, अस्तरावर चुन्यासारखे थर. एकशे बारा कामगारांपैकी एकोणीस जणांच्या छातीत असं दिसलं, असं लेखात लिहिलं आहे.

आणि एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात फॅक्टरीच्या गेटवर तुझ्या सहीचा कागद लागला होता. हिंदीत होता, मीच सगळ्या बायांना वाचून दाखवला होता. 'सभी एक सौ बारह कर्मचारी स्वस्थ पाए गए.'

माझी काही चूक होत असेल. दोन माणसांची हाडं सारखी जुळू शकतात, ताईतही पुष्कळ लोक घालतात. तू एवढंच कळव, तो फोटो ह्यांचा आहे का. नसेल तर तुझ्यावर संशय घेतला म्हणून मी तुझी माफी मागीन.

उत्तराची वाट पाहते.
तुझी,
ताई

•

बालाघाट,
१८ एप्रिल २००४

चि. राजू,
आशीर्वाद. सुखरूप पोचल्याचा श्रियाचा फोन आला होता. तू तोच फोन घेऊन बोलला असतास तर बरं वाटलं असतं.

पत्राचं उत्तर न देता तू स्वतःच आलास, तेव्हा मला आधी आनंदच झाला. रामनवमीचा दिवस, घरात प्रसादाची पंजिरी केलेली, आणि दारात तुझी गाडी. पाच वर्षांनी आलास. ह्यांच्या तेराव्यालाही तुझं परदेशातलं व्याख्यान होतं. तू समोर असताना मी जे बोलू शकले नाही ते आता लिहिते. तू होतास तेव्हा मला सारखी धाप लागत होती आणि तुझं लक्ष माझ्या बोलण्यापेक्षा माझ्या श्वासाकडे होतं, ते मी पाहत होते.

तू 'हौ' म्हणालास. एवढं मात्र तू खरं बोललास.

"हौ ताई, भाऊजीचाच फोटो आहे."

मी विचारलं, "मंग मले काहून नाही सांगितलं?"

तू म्हणालास की कंपनीनं आत येऊ देण्याआधीच अट घातली होती, निकाल फक्त मॅनेजरला द्यायचा, कोणाचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही. अट मानली नसती तर अभ्यासच झाला नसता, आणि अभ्यास झाला नसता तर जगाला हे कळलं नसतं. तुझ्या त्या लेखाचा आधार किती देशांतल्या लोकांनी घेतला, तेही सांगितलंस. मी ऐकून घेतलं. जगाला कळलं असेल राजू. फॅक्टरीतल्या मोतीलालला नाही कळलं. इथून दोन गल्ल्या सोडून तो राहत होता.

गेटवरचा तो कागद तू लिहिलास का, हे मी तुला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तू खुशीच्या परीक्षेवर गेलास.

पण तुझ्यावरच सगळं ढकलून मी मोकळी होणार नाही. पहिल्या पत्रात मी दोन गोष्टी लपवल्या. एक तू माझ्या पाठीवर बोटं ठोकून ओळखलीस. दुसरी तुला आधीपासून माहीत आहे, पण आपण दोघं तेरा वर्षं ती कधी बोललो नाही.

एक्क्याण्णवच्या पोळ्याच्या सुमारास तू शेजारच्या बाबूंच्या घरी फोन केला होतास. मी कणकेच्या हातानं धावत गेले. तू म्हणालास, "ताई, भाऊजीले पोती खात्यातून काढ. मॅनेजरशी मी बोललो आहो, ते त्याईले गेटच्या स्टोअरात घेतील. लवकर कर."

"काहून रे? काय झालं?"

"काहून म्हणू नको. अन् कोणाले सांगू नको."

मी विचारलं नाही. कोणाला सांगितलं नाही. माझा भाऊ डॉक्टर आहे, त्यानं काहीतरी पाहिलं असेल, हे मला कळलं होतं. खोटं कशाला बोलू? नीट कळलं नव्हतं, पण पुरेसं कळलं होतं. हे आठ दिवसांत स्टोअरात गेले आणि ह्यांच्या जागी मोतीलालला घेतलं. चंपाबाई, मोतीलालची बायको, खूश होऊन करंज्या घेऊन आली. त्या खात्यात फक्त दिवसपाळी होती ना. मी त्या करंज्या घेतल्या, राजू. खाल्ल्यासुद्धा.

मोतीलालला पुढे दम लागायला लागला. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. चंपाबाईनं मला विचारलं, मी तुला फोन केला, तू म्हणालास, "टीबीच असेल." मी तिला जाऊन सांगितलं, "गोळ्या चुकवू नको, माझा भाऊ सांगून राह्यला." बिचारीनं एक गोळी चुकवली नाही. ह्यांच्यानंतर सहा महिन्यांनी तो गेला. शेवटी शेवटी खाटेवर बसूनच झोपायचा.

डोमाजी तेवढा वाचला होता तुझ्या कॅम्पातून. मीच त्याला घरी जाऊन रागावले होते, की मोठे डॉक्टर आले आहेत, फुकट फोटो काढतात, अन् तुम्ही अडाण्यासारखे घरी बसता. तो म्हणाला होता, "मास्तरीनबाई, छाती माही अन् फोटो कंपनीचा. मले काय भेटन?" मी त्याला हाताला धरून नेलं होतं रांगेपर्यंत. तो रांगेतून निघून गेला. पण बाकीचे माझ्या शब्दावर थांबले.

आता माझं. देवश्री पहिल्या दिवशी आली होती ती फक्त ह्यांच्या कागदांसाठी नाही. जानेवारीत माझ्या छातीतलं पाणी काढलं तेही त्याच इस्पितळात. ती मला प्रश्न विचारत होती, तिच्या फॉर्मावर होते ते. बिडी? नाही. चूल? हो, अठरा वर्षं. मग तिनं विचारलं, "घरी काकांचे कपडे कोण धूत होतं?"

मी म्हटलं, "मीच. आनखी कोन धुवन?"

तिनं पेन खाली ठेवलं. मग विचारलं, कसे धुवायच्या. मी सगळं सांगितलं. आधी अंगणात जोरानं झटकायचे, नाही तर पाणी लगेच घाण व्हायचं. तोंडावर उडायचं ते पदरानं पुसायचं. रोज. बावीस वर्षं, दिवाळी सोडली तर एक दिवस सुट्टी नाही. आणि फॅक्टरीची रिकामी पोती, ती तर आम्ही आनंदानं आणायचो. चांगला ताग असायचा. धान वाळवायला, दाराला पडदा म्हणून, दोन जोडून शिवली की अंथरूण. तिनं हे सगळं लिहून घेतलं. एवढ्या वर्षांत एवढे डॉक्टर झाले, मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तूही नाही. तुझ्या लेखात कामगारांच्या बायकांविषयी एक ओळ आहे, देवश्रीनं दाखवली मला. 'घरातील व्यक्तींचाही अभ्यास होणे इष्ट.' तू मला फोनवर भाऊजींना काढ म्हणालास. कपडे झटकू नको, एवढं म्हणाला असतास तर? देवश्री म्हणते, तोवर वीस वर्षं होऊन गेली होती, जे आत जायचं ते गेलं होतं, फार फरक पडला नसता. ती माझ्या समाधानासाठी म्हणते की खरं, ते मला ठरवता येत नाही.

तर अशी गोष्ट आहे. मलाही तेच झालं आहे. तू पाठीवर बोटं ठोकलीस, उजवीकडे टणटण आवाज आला, डावीकडे भरलेल्या माठासारखा. तुझा हात तिथेच थांबला. तू रडलास. तुला रडताना पाहून मी तुझे डोळे पुसले. सवय.

त्याच वेळी मी तुला त्या एकोणीस जणांची नावं मागितली आणि तू देतो म्हणालास. रजिस्टर मुंबईला कपाटात आहे, गेल्या गेल्या पाठवतो म्हणालास. आणि माझ्या छातीतला जो तुकडा तपासणीसाठी काढून मेणाच्या ठोकळ्यात ठेवला आहे, तो नागपूरहून घेऊन मुंबईला मोठ्या लॅबमध्ये दाखवतो म्हणालास. ह्या वर्षी बाहेरदेशी ह्याच रोगावर नवीन औषध निघालं, दोन औषधं मिळून देतात, सोबत फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आणि बी-बाराचं इंजेक्शन, ते मला मिळवून देशील. देवश्रीनंही त्या औषधाचं सांगितलं होतं. तिनं हेही सांगितलं की त्यानं वर्षं वाढत नाहीत, महिने वाढतात. ठोकळा घेण्यासाठी तू पुढे केलेल्या चिठ्ठीवर मी सही करून दिली. भाऊ आहेस. वाचलीसुद्धा नाही.

रजिस्टराची वाट पाहते. जे जिवंत आहेत त्यांना निदान सांगता येईल. मी आधी चंपाबाईकडे जाणार आहे. तिला सांगितल्याशिवाय मला बाकी कोणाच्या दारात उभं राहता येणार नाही.

तांदूळ विसरून गेलास. पुढच्या वेळी ने.

तुझी ताई

•

बालाघाट,
२६ सप्टेंबर २००४

राजू,

ठोकळा सापडत नसल्याचा तुझा निरोप श्रियाकडून मिळाला. त्यावर मी काही बोलले नाही, कारण खरं काय ते मला त्याच्या आधी चार दिवस कळलं होतं. देवश्री आली होती. तिच्याजवळ तुझ्या खात्याचं पत्र आहे. त्यात लिहिलं आहे की सदर रुग्णाचा कॅन्सर फुप्फुसाचा नेहमीचा आहे, अस्तराचा नाही, आणि रुग्णाच्या कुटुंबाची संशोधनाला संमती नाही. खाली तुझी सही. मी ती सही ओळखते, दहावीत मीच तुला वळणदार 'र' काढायला शिकवला.

मी न वाचता सही केलेल्या चिठ्ठीत काय होतं तेही तिनं मला वाचून दाखवलं. ठोकळा आणि तपासणीच्या सगळ्या काचा भावाच्या ताब्यात द्याव्या, आणि पुढे इतर कोणालाही देऊ नयेत. देवश्रीला माझा तुकडा वेगवेगळे रंग देऊन तपासायचा होता. तसं केल्याशिवाय हा रोग नक्की तोच, हे सिद्ध होत नाही, आणि सिद्ध झाल्याशिवाय तिच्या अभ्यासात माझी मोजणी होत नाही. माझी मोजणी झाली असती तर कोणीतरी विचारलं असतंच की ह्या बाईचा नवरा कोण. मग तुझा लेख निघाला असता, आणि लेखाच्या शेजारी गेटवरचा कागद. सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्यांच्या कुठल्याशा समितीवर तू सल्लागार आहेस, हेही मला देवश्रीकडूनच कळलं. ती सांगत नव्हती, मी खोदून विचारलं.

नव्वद साली तू तरुण होतास. अडचणीत होतास, भ्यालास, समजू शकते. मी स्वतः भ्याले होते. पण ह्या रामनवमीला तू माझ्या घरात बसून, माझ्या हातची पंजिरी खाऊन, माझे डोळे आणि तुझे डोळे ओले असताना ती चिठ्ठी खिशातून काढलीस. ती तू मुंबईहूनच लिहून आणली होतीस, राजू. त्यावर तारीख टाईप केलेली आहे, येण्याच्या आदल्या दिवसाची. म्हणजे तुझी बोटं माझ्या पाठीला लागायच्या आधी. मी आजारी आहे हे तुला माहीत होतं. नागपूरहून कोणीतरी तुला कळवलं होतं. माझ्यासाठी धावत आलास असं मला वाटलं आणि मी सगळ्या गल्लीला तसं सांगितलं.

ह्यावर मी जास्त लिहीत नाही. धाप लागते.

आता काय काय झालं ते सांगते.

मी चंपाबाईकडे मे महिन्यात गेले होते. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, फोन, कारण न विचारणं, मोतीलालची बदली, करंज्या, गोळ्या. ती सूप हलवत राहिली. मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही. मग ती म्हणाली, "माहा माणूस बसून बसून मेला, मास्तरीनबाई. तू रोज येत होती. पाहत होती."

"हौ."

"अन् तुले माहीत होतं."

"पुरं नाही. पन होतं."

ती उठून आत गेली. मला वाटलं आता दार लावेल. ती चपला घालून बाहेर आली. म्हणाली, "मी तुले माफ नाही करत. सांगून ठेवतो. पन आनखी कोन कोन आहे त्या खात्यातलं? तुले चालवते का? चाल."

तेव्हापासून आम्ही दोघी चार महिने फिरतो आहोत. म्हणजे मी रिक्षात, ती सोबत. डोमाजी वाट दाखवतो, त्याला जुन्या सगळ्यांची घरं पाठ आहेत. तुझ्या रजिस्टराची आम्ही वाट पाहिली नाही. एकशे बारापैकी त्र्याण्णव नावं आमची आम्हीच जमवली. कोणी लालबर्र्याला शेतात, कोणी लांजीला पोराकडे. छत्तीस जण गेले आहेत. बहुतेकांच्या घरी टीबीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं अजून ठेवलेली. प्रत्येक दारात मला तेच सांगावं लागतं, की तुम्हाला रांगेत उभं करणारी मीच. एकानं पाणी दिलं नाही. महागूच्या म्हातारीनं शिव्या दिल्या, मी उभी राहून ऐकल्या. बरं वाटलं म्हटलं तर तुला खोटं वाटेल.

ऑगस्टमधल्या दोन रविवारी देवश्रीनं आमच्या शाळेत तपासणी केली. मशीन गाडीतून आणलं होतं. एकतीस पुरुष आणि चौदा बाया. ह्या वेळी बायाही. डोमाजी सगळ्यांत पुढे उभा होता. तिनं आधीच सगळ्यांसमोर हिंदीत सांगितलं, "फोटो आपका है, आप घर ले जाएँगे. जो दिखेगा, मैं आपको अकेले में बैठाकर बताऊँगी. किसी और को नहीं." आणि खरंच तसं केलं. एका खोलीत एकेकाला बसवून, खिडकीच्या उजेडात फोटो धरून, बोट ठेवून दाखवत होती. अकरा जणांत काही ना काही निघालं. प्रेमलालला तिनं सांगितलं की हा दम टीबीचा नाही, गोळ्या बंद, दर सहा महिन्यांनी यायचं. तो बाहेर आला आणि पायरीवर बसून राहिला. मी विचारलं, वाईट वाटलं का. म्हणाला, "वाईट त वाटलं. पन नाव त समजलं."

डोमाजीची छाती साफ निघाली. त्याला हसावं की काय करावं कळेना. कॅम्पात आलो नाही म्हणून वाचलो, असं त्याला वाटतं. तसं नाही हे देवश्रीनं त्याला समजावलं, पण तो मानायला तयार नाही.

आणि मी पुन्हा तुकडा काढू दिला. देवश्री नको म्हणत होती. उपचारासाठी त्याची काहीच गरज नव्हती, आणि सुई कितीही जपून घातली तरी दुखतंच. संकेत तर तिच्यावर चिडला. पण मी हट्ट धरला. मागच्या आठवड्यात निकाल आला. अस्तराचाच आहे. संमतीचा कागद ह्या वेळी मी पूर्ण वाचला, दोनदा, आणि सही केली. मी गेल्यावर फुप्फुस तपासायलाही सही केली आहे. संकेतला ते पटायला वेळ लागला, आता पटलं.

नवीन औषध मी घेत नाही आहे. तू मिळवून देशील म्हणून पाच महिने गेले आणि आता देवश्री म्हणते, माझ्यानं ते सोसवणार नाही. हे मी तुला टोचावं म्हणून लिहिलं नाही. पण खरं आहे, म्हणून लिहिलं.

तुझं नाव मी कोणाला सांगितलं का, ह्याची तुला काळजी असेल. सांगितलं. त्र्याण्णव घरी. आणि देवश्रीच्या कागदावर सहीनिशी लिहून दिलं. तुला कोणी विचारायला येईल. आलं तर खरं बोल. रजिस्टर कपाटात असेल तर काढून ठेव, आम्हाला न सापडलेली एकोणीस नावं, आणि फोटोत थर दिसलेले ते एकोणीस जण कोण, हे दोन्ही आम्हाला अजून हवं आहे.

खुशीला मात्र मी काही बोलणार नाही. तिला तू सांग.

आणखी एक. हे लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. चंपाबाईला विचारलं, ती म्हणाली, "नको सांगू. त्यानं कुठी सांगितलं होतं?" पण मला तसं जमणार नाही.

एकाहत्तर ते चौऱ्याहत्तर तू आमच्या क्वार्टरमध्ये राहून शिकलास. मागच्या पडवीत तुझी जागा होती. ह्यांचे कपडे मी त्याच पडवीच्या दारात झटकत असे. आणि तीन वर्षं तू ज्या अंथरुणावर पडून अभ्यास केलास, ते दोन पोती जोडून मीच शिवलं होतं. ऊब यायला म्हणून मधे काही भरलंही होतं. काय भरलं होतं ते तुला लिहायला माझा हात उठत नाही, पण ते पांढरं होतं आणि फॅक्टरीतून फुकट मिळायचं.

तेव्हा मला माहीत नव्हतं. ते मी देवासमोर सांगेन. आता माहीत आहे, म्हणून सांगते आहे. छातीचा फोटो काढून घे, राजू. उशीर करू नको. दुसऱ्या कोणाकडून काढ, आणि जे दिसेल ते त्याला तुझ्या तोंडावर सांगायला लाव.

सत्यभामा दादाजी लांजेवार